सनरूफमधल्या चार नळ्या

जून उजाडला, दोन मोठे पाऊस झाले की माझ्या फोनवर एका ठरावीक प्रकारचे फोटो यायला लागतात. गाडीच्या छताचं आतलं कापड, त्यावर पिवळसर तपकिरी कडा असलेला ओला डाग, आणि खाली एकच ओळ, "सनरूफचं रबर गेलं वाटतं, किती खर्च येईल?" नातेवाईक, सोसायटीतले, ऑफिसातले, कॉलेजच्या ग्रुपवरचे, सगळ्यांचा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा रबर गेलेलं नसतंच. रबर ठणठणीत असतं. तुंबलेलं असतं दुसरंच काहीतरी, जे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं, गाडी घेताना कोणी दाखवलेलं नसतं, आणि जे साफ करायला फार तर एखादी रविवारची सकाळ पुरते. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण लोकांनी कर्ज काढून घेतलेली गाडी एवढ्याशा कचऱ्यापायी आतून कुजते आणि मग तेच लोक "सनरूफवाली घेऊच नका" असं एकमेकांना सांगत सुटतात.

मी काही वर्षं गाड्यांच्या बॉडीच्या कामात होते, त्यामुळे मला हे छत आतून कसं असतं ते उघडं पाहायला मिळालंय, आणि म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं कधीपासून मनात होतं.

सनरूफची काच सरकणारी असते, मागून थोडी वर उचललीही जाते. तिच्याभोवतीचं रबर दाराच्या बीडिंगसारखं करकचून दाबून बसवता येत नाही, तसं बसवलं तर ती छोटीशी मोटर काच हलवणार कशी. म्हणजे थोडं पाणी रबर ओलांडून आत येणार हे गाडी बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. ते पाणी झेलायला काचेच्या खाली, छताच्या पत्र्याच्या आत, चौफेर एक ट्रे असतो. कोकणातल्या कौलारू घराच्या कडेला पन्हळ लावतात ना, कौलांवरून आलेलं पाणी झेलून एका बाजूला नेऊन सोडणारी, अगदी तेच काम. या ट्रेच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, चार भोकांना चार नळ्या. पुढच्या दोन नळ्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून, म्हणजे ज्याला ए-पिलर म्हणतात त्यातून खाली उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरांच्या आसपास किंवा पुढच्या चाकामागे फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या आत कुठेतरी बाहेर निघतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून जाऊन मागच्या चाकाच्या किंवा बंपरच्या आसपास सुटतात. नेमकी जागा गाडीगणिक वेगळी. नळ्या करंगळीएवढ्याही जाड नसतात, आणि बऱ्याच गाड्यांत त्यांच्या खालच्या टोकाला एक चपटं रबरी तोंड असतं, पाणी आलं की उघडायचं आणि एरवी मिटलेलं राहायचं, खालून धूळ, किडे, आवाज आत येऊ नये म्हणून.

बस, एवढीच व्यवस्था आहे. साधी आहे आणि मला विचाराल तर फार हुशारीची आहे, कारण पाणी पूर्ण अडवण्याच्या हट्टापेक्षा त्याला जायला वाट करून देणं केव्हाही जास्त टिकतं. कारखान्यात गाडी तयार झाली की तिला शॉवर टेस्टमधून नेतात, चहूबाजूंनी पाण्याचा मारा करतात आणि आत थेंब आला का ते बघतात, आणि नवी गाडी त्यातून पास होऊनच बाहेर पडते. पण त्या दिवशी नळ्या कोऱ्या करकरीत असतात. दोन उन्हाळे पुण्यात झाडाखाली काढल्यानंतर कोणी ती टेस्ट पुन्हा घेत नाही.

आता पाणी किती येऊ शकतं याचा अंदाज घ्या. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. मोठ्या पॅनोरॅमिक छताची, म्हणजे मागच्या सीटपर्यंत जाणारी काच साधारण चौरस मीटरच्या आसपास असते. आपल्याकडे हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर गेला की त्याला मुसळधार म्हणतं, ११५.६ पासून अतिमुसळधार, आणि २०४.४ मिमीच्या पुढे गेला की त्याच्याही वरची पायरी. म्हणजे घाटमाथ्यावर किंवा कोकणात एका वाईट दिवसात नुसत्या त्या काचेवर दोनशे लिटरहून जास्त पाणी पडतं. महाबळेश्वर, आंबोली इथे वर्षाची सरासरीच पाच हजार मिमीच्या वर. आणि मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता, तो दिवस तर सोडूनच द्या. यातलं बहुतेक पाणी काचेवरून घरंगळून छतावरून निघून जातं हे खरं, पण जो थोडा हिस्सा ट्रेमध्ये उतरतो तो तासन्‌तास उतरत राहतो, आणि त्या चारपैकी एक नळी जरी तुंबलेली असली तरी ट्रे भरायला वेळ लागत नाही. ट्रेची कड फार उंच नसते. भरला की पाणी कड ओलांडतं आणि छताच्या कापडावर येतं. गाडी ब्रेक मारून थांबली की छतातल्या दिव्यातून अचानक पाण्याची धार लागली असं लोक सांगतात ना, ते हेच, साचलेलं पाणी पुढे डुचमळतं आणि त्याला पहिली जी फट सापडते ती दिव्याची.

आणि नळ्या तुंबतात कशाने? आपल्याकडे तरी उत्तर झाडं आणि धूळ. यात झाडांचा काही दोष नाही, उलट मे महिन्यात गाडीला सावली मिळावी म्हणून आपणच शोधून शोधून झाडाखाली गाडी लावतो. कोथरूड, एरंडवणे, डेक्कन, प्रभात रोड, कुठेही बघा, गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री. नेमकी हीच झाडं सनरूफला सगळ्यात जड जातात, कारण मोठं पान आत शिरत नाही, ते काचेच्या फटीपाशी अडकतं, हाताने उचलून टाकता येतं. गुलमोहराचं पान म्हणजे शेकडो बारीक पर्णिका, तांदळाच्या दाण्याएवढ्या, त्या सुकून गळतात, काच उघडली की फटीतून थेट ट्रेमध्ये जातात, आणि सोनमोहराच्या फुलांचा पिवळा सडा आठवतोय ना, त्या पाकळ्याही तशाच. त्यावर होळीपासून जूनपर्यंतची धूळ, शहरभर चाललेल्या बांधकामांची सिमेंटची भुकटी. मग वळवाचा एक पाऊस येतो, तेवढ्याने वाहून काही जात नाही, फक्त भिजतं, आणि त्याचा जो चिखल होतो तो पुढच्या उन्हात कोपऱ्यातल्या भोकात वाळून घट्ट बसतो. खरा पाऊस येईपर्यंत बूच तयार. कधी मुंग्याही नळीत माती आणून ठेवतात, आमच्या एका ओळखीच्यांच्या गाडीत मागच्या नळीतून मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड निघालं होतं, अंड्यांसकट.

आमच्या सोसायटीतल्या काकूंची गोष्ट सांगते, कारण त्यात जवळपास सगळंच आलं. काका गेल्यानंतर त्यांनी स्वतःसाठी म्हणून घेतलेली ही पहिली गाडी, हौसेने सनरूफवाली घेतलेली, नातवंडं आली की काच उघडून सिंहगड रोडला फिरवून आणायचं हा त्यांचा आवडता कार्यक्रम. एका जुलैत मला म्हणाल्या, "अगं, गाडीत बसलं की ओल्या गोधडीसारखा वास येतो, आणि काच आतून इतकी धुरकट होते की मला पुढचं दिसतच नाही." डाव्या सीटपुढचं मॅट उचललं तर खालचं कार्पेट दाबल्यावर पाणी वर येत होतं. सर्व्हिस सेंटरला दाखवून आल्या होत्या, तिथे त्यांना सांगितलं गेलं की पूर्ण रबर सेट बदलावा लागेल, आणि तोपर्यंत कडेने सिलिकॉन लावून देतो, सनरूफ वापरू नका. त्या जवळजवळ हो म्हणून आल्या होत्या. मला ते ऐकूनच पोटात कालवलं, कारण ज्या गोष्टीसाठी त्यांनी ही गाडी घेतली तीच कायमची चिकटवून टाकायला निघाले होते, आणि गळती थांबलीच असती असंही नाही.

डाव्या पायाशी पाणी आलं म्हणजे सनरूफच असं लगेच धरू नये. आपल्याकडच्या गाड्यांत एसीचं पाणी बाहेर सोडणारा पाइपही बहुतेक त्याच बाजूला असतो, तो तुंबला की ते पाणी आत येतं. फरक ओळखायची खूण अशी, की एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि पाऊस नसतानाही, मे महिन्याच्या कडक उन्हात एसी चालवला तरी येतं. सनरूफचं पाणी पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर येतं, जरा मळकट असतं, आणि वर खांबापाशी कापडाला हात लावला तर तिथेही ओल लागते. तिसरी शक्यता वायपरखालच्या जाळीची, तिथे पानं साचली की पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत उतरतं. दाराच्या आतलं प्लॅस्टिक फाटलं असेल, पुढची काच बदलताना नीट चिकटवली नसेल, छतावरच्या अँटेनाचं रबर गेलं असेल, डिकीत पाणी असेल तर मागच्या लाइटचं गॅस्केट, अशी यादी लांब आहे. काकू पावसाळ्यात एसी लावतच नाहीत, त्यांना थंडी वाजते, म्हणून एसी बाद. जाळी साफ होती. मग राहिलं सनरूफ, आणि ते तपासायला फक्त पाण्याची बाटली लागते.

हे मात्र प्रत्येकाने करून बघावं असं मला मनापासून वाटतं. गाडी सपाट जागेवर लावा, सनरूफ पूर्ण उघडा, पुढच्या कोपऱ्यांत टॉर्च मारून बघा, भोक दिसतं. छोट्या बाटलीने थोडं थोडं पाणी कोपऱ्यात सोडा, घाई करू नका, ओतू नका, सोडा. एकाने वर पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने खाली वाकून चाकामागे बघायचं. काही क्षणांत खाली धार दिसली पाहिजे. थेंब थेंब आलं तर अर्धवट तुंबलंय, काहीच आलं नाही आणि वर पाणी तसंच उभं राहिलं तर लगेच थांबा, पूर्ण तुंबलंय. आणि वरून पाणी गेलं पण खाली आलंच नाही तर सगळ्यात वाईट, म्हणजे नळी मध्येच कुठेतरी निसटली किंवा फाटली आहे आणि ते पाणी खांबातून तुमच्या कार्पेटखाली चाललंय. मागची भोकं मोठ्या पॅनोरॅमिकमध्ये सहज दिसत नाहीत, ती गॅरेजमध्येच बघून घ्यावी लागतात.

काकूंच्या गाडीत उजवीकडे पाणी सोडलं, लगेच चाकामागे धार. डावीकडे पाणी तसंच थांबलं. आणि डावीकडूनच का, तर त्यांची पार्किंगची जागा उतारावर, गाडीचं नाक खाली आणि डावी बाजू जरा जास्तच कललेली, त्यामुळे रात्रभर पडलेलं सगळं पाणी त्या एकाच कोपऱ्यात जमायचं. ज्यांच्याकडे उताराचं पार्किंग आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, खालच्या अंगाचा कोपरा कुठला येतो ते बघा, तो आधी साफ करा.

साफ करायचं म्हटलं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "ताई, हवा मारून देतो." दोन मिनिटांचं काम, कंप्रेसरची गन वरच्या भोकात लावायची आणि दाबायचं. कृपा करून हे करू देऊ नका. ट्रेच्या कोपऱ्यात एक छोटी प्लॅस्टिकची तोटी असते, नळी तिच्यावर नुसती सरकवून बसवलेली असते, बहुतेक ठिकाणी क्लिपसुद्धा नसते. खाली बूच बसलेलं, वरून जोराची हवा, मग नळी तोटीवरून निसटते, तीही खांबाच्या आत, जिथे कोणाला दिसत नाही. हवा मोकळी गेली म्हणून सगळ्यांना वाटतं साफ झालं, आणि पुढच्या पावसात पूर्वी जे थोडं झिरपत होतं ते आता सरळ आत येतं. मग छताचं कापड उतरवावं लागतं. आमच्या भागात एक म्हातारे मिस्त्री आहेत, ते या बाबतीत इतके कडक आहेत की त्यांच्या पोरांनी हवेची गन हातात घेतलेली दिसली तरी ओरडतात, "वरनं हवा मारायची न्हाई म्हनून सांगितलं ना, खालनं घाण काढ आधी!"

आणि त्यांचं बरोबर आहे, सुरुवात खालून. पुढच्या चाकामागचं प्लॅस्टिक जरा सैल केलं की नळीचं ते रबरी तोंड सापडतं, ते बोटांत धरून चिमटीने दाबलं की आतला काळा गाळ बाहेर येतो. काकूंच्या गाडीत निम्मं काम तिथेच झालं, आधी काळं, मग त्या सुकलेल्या पर्णिका, मग अडलेलं पाणी भसकन. त्यानंतर वरून नायलॉनची दोरी घालायची. गवत कापायच्या मशीनला, ज्याला कोकणात सगळे ग्रास कटर म्हणतात, त्याला लागते ती गोल नायलॉन दोरी यासाठी उत्तम, २.४ मिमीची, कुठल्याही शेती अवजारांच्या दुकानात मिळते. मला ही दोरी चिपळूणच्या मावसभावाने दिली, त्याच्या काजूच्या बागेत ग्रास कटर वर्षभर चालतो, त्यामुळे गुंडाळी घरात पडलेलीच असते. टोक आधी लायटरने किंचित वितळवून गोल करायचं म्हणजे नळी आतून ओरबाडली जात नाही, आणि मग हलक्या हाताने, फिरवत फिरवत, अडलं तर मागे घेऊन पुन्हा. जोर अजिबात लावायचा नाही. लोखंडी तार, सायकलची स्पोक, बाइकची क्लच केबल, असलं काहीही घालू नका, नळी फाटते आणि मग पुन्हा तेच, कापड उतरवा. शेवटी थोडं कोमट पाणी सोडायचं आणि खाली धार बघायची. काकूंना मी मुद्दाम खाली वाकून बघायला लावलं, धार आल्यावर त्या एवढ्या मोठ्याने "आली, आली!" ओरडल्या की वरच्या गॅलरीत लोक आले.

बरं, नळ्या साफ झाल्या म्हणून काम संपलं असं नाही, आत साचलेल्या पाण्याचं काय? इथे लोक फार गाफील राहतात. वरचं कार्पेट उन्हात एका दिवसात सुकतं, हाताला कोरडं लागतं, पण त्याच्याखाली फोमचा किंवा नमद्याचा जाड थर असतो, आवाज अडवण्यासाठी घातलेला, तो कित्येक लिटर पाणी धरून बसतो आणि वरून झाकलेला असल्यामुळे आपणहून सुकत नाही. तिथेच बुरशी धरते. घरात कोणाला दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर त्या गाडीत बसवूच नका आधी. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी क्लिपांवर असते, ती उचलली की कार्पेटची कड वर येते, खाली वर्तमानपत्रांच्या जाड घड्या सारायच्या, दाबायच्या, ओल्या झाल्या की बदलायच्या, मग कार्पेट उचललेलं ठेवून टेबल फॅन लावायचा. पावसाळी हवेत याला दिवस लागतात, घाई करून पट्टी परत बसवू नका. परफ्यूमची बाटली टांगून वास झाकणं म्हणजे फक्त स्वतःची समजूत.

वास तरी कळतो, वायरिंगचं कळत नाही. बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे मोठे जुडगे कार्पेटखालून जातात, सीटखाली एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे कनेक्टर असतात, एअरबॅगचे सहसा पिवळे असतात ते, आणि काही गाड्यांत फ्यूज बॉक्स किंवा बॉडी कंट्रोलचं मॉड्यूल, म्हणजे लॉक, खिडक्या वगैरे चालवणारा डबा, पायाच्या बाजूलाच. पाण्यात राहिलं की तांब्याच्या पिनांना हिरवा गंज चढतो, मग कधी एअरबॅगचा दिवा लागतो, कधी सेंट्रल लॉक आपोआप पडतं, कधी खिडकी चालत नाही, आणि हे सगळं पावसाळा संपल्यावर, दिवाळीत वगैरे, तेव्हा कोणाला सनरूफ आठवतही नाही. पिवळ्या कनेक्टरना घरी हात लावू नका. तसंच खांबावरचं प्लॅस्टिक उचकटून बघायचा मोह टाळा, छताच्या कडेने खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग गेलेल्या असतात, ते काम माहीतगाराचंच. आणि विम्यावर विसंबू नका, पूर येऊन गाडी बुडाली तर गोष्ट वेगळी, पण झीज आणि इलेक्ट्रिकल बिघाड साध्या पॉलिसीत वगळलेले असतात, तुंबलेल्या नळीतून हळूहळू झिरपलेल्या पाण्याचा क्लेम मिळवणं फार अवघड.

रबराबद्दल. ते ओल्या मायक्रोफायबरने, साध्या गाडीच्या शांपूने पुसायचं, कोरडं करायचं, आणि रबरासाठीचं सिलिकॉनचं लुब्रिकंट कापडावर घेऊन पातळ हात फिरवायचा. ग्रीस, व्हॅसलीन, डिझेलचा बोळा, हे नको, या गाड्यांचं रबर पेट्रोलियमच्या पदार्थांनी फुगतं आणि सैल पडतं. खोबरेल तेलावर धूळ बसते. एम-सील किंवा सिलिकॉन सीलंट तर कधीच नाही. काचेची फट बुजवली तरी पाणी कुठून ना कुठून ट्रेत येतंच, आणि आता तुम्हाला ट्रे साफ करायला काच उघडताही येत नाही. काच छताच्या पातळीत बसलीय का तेही बोट फिरवून बघा, पुढची कड किंचित खाली आणि मागची किंचित वर असेल तर ठीक, उलट असेल तर वाऱ्याचा आवाजही येतो आणि पाणीही. ते ॲडजस्ट होतं, स्क्रू असतात, पण सर्व्हिसवाल्याकडून.

मला राग कुणाचा येतो सांगू का, तर डिलिव्हरीच्या दिवशीच्या त्या कार्यक्रमाचा. गेल्या काही वर्षांत सनरूफ सगळीकडे झालं. २०१९ मध्ये एमजी हेक्टर मोठं पॅनोरॅमिक छत घेऊन आली, २०२२ ला मारुतीच्या ब्रेझात आलं, २०२३ ला ह्युंदाई एक्स्टरसारख्या छोट्या गाडीतही आलं. म्हणजे आता ही श्रीमंतांची चैन राहिली नाही, सातारा, सांगली, रत्नागिरी, कुठल्याही गावातलं मध्यमवर्गीय कुटुंब आवर्जून घेतं. चावी देताना हार, केक, फोटो, "ओपन सनरूफ" म्हटलं की कसं उघडतं त्याचं प्रात्यक्षिक, सगळं होतं. मग पाच मिनिटं जास्त घेऊन ती चार भोकं दाखवायला काय हरकत आहे? ज्या राज्यात चार महिने पाऊस पडतो तिथे ही माहिती गाडीच्या किल्लीबरोबर मिळायला हवी.

धबधब्याचंही एकदा बोलायला हवं. २०२३ च्या सुरुवातीला एक व्हिडिओ खूप फिरला होता, गाडी डोंगरातल्या धबधब्याखाली उभी केलेली आणि छतातून आत पाणी. त्यावर मोठी भांडणं झाली, गाडी वाईट की माणूस. तेव्हापासून ताम्हिणीत, आंबोलीत, रस्त्याकडेच्या प्रत्येक धबधब्याखाली लोक मुद्दाम गाड्या उभ्या करून बघतात. नका करू. पाऊस थेंबांनी पडतो, धबधब्याचं पाणी एकगठ्ठा, वजनाने, एकाच जागी आदळतं, आणि वरून दगडही येऊ शकतो. नळ्या मोकळ्या असल्या तरी त्यांची पाणी वाहून न्यायची एक मर्यादा आहे. वॉशिंग सेंटरवर प्रेशर वॉशरचा फवारा काचेच्या फटीत जवळून मारतात तेही तसंच, तिथे उभं राहून "दादा, वरच्या फटीत नको, लांबून मारा" एवढं सांगायचं, ऐकतात ते.

आणि हो, मला स्वतःला सनरूफ अतिशय आवडतं. आंबा घाटातून जाताना काच बंद, आतला पडदा मागे, मागच्या सीटवर मान टेकून वर बघायचं, पाण्याचे ओघळ काचेवरून मागे पळतात, मध्येच धुकं, मध्येच झाडांच्या फांद्या, माझी मुलगी तर असं बघता बघता झोपते. हे सुख घाबरून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. मुलांना चालत्या गाडीतून वर उभं करणं मात्र सोडा, एक ब्रेक लागला तर काय होईल याची कल्पनाही नको. आणि पाऊस थांबल्या थांबल्या काच उघडू नका, छतावरचं पाणी ओघळून जाऊ द्या.

जुनी गाडी बघायला जाताना सनरूफवाली असेल तर माझी पद्धत ठरलेली आहे. दार उघडल्यावर आत बसायच्या आधी वास घ्यायचा, फार जास्त परफ्यूम असेल तर तिथेच सावध व्हायचं. पुढच्या दोन्ही खांबांपाशी आणि छतातल्या दिव्याभोवती कापडाचा रंग बघायचा, सगळीकडे एकसारखा हवा, नुसता एक कोपरा फार स्वच्छ असेल तरी शंका घ्यायची. मॅट उचलून कार्पेट मुठीने जोरात दाबायचं. सीट पुढे-मागे करून रुळांच्या बोल्टवर टॉर्च मारायचा, तिथला गंज कोणी लपवत नाही कारण तिथे कोणी बघत नाही. आणि शेवटी मालकाला विचारून, त्यांच्यासमोर, बाटलीची टेस्ट. प्रामाणिक माणूस नाही म्हणत नाही.

आता सर्व्हिस सेंटरला काय सांगायचं ते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मृगाच्या आधी, आणि नंतर एकदा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, गाडी देताना नुसतं "सनरूफ चेक करा" म्हणू नका, त्यावर ते काच उघडून मिटून बघतात आणि ओके लिहितात. जॉब कार्डवर समोर उभं राहून लिहून घ्या: सनरूफच्या चारही ड्रेन नळ्या तपासणे, वरून पाणी सोडून खाली प्रत्येक ठिकाणी निचरा दाखवणे, कंप्रेसरची हवा वापरू नये, सीलंट लावू नये. ॲडव्हायजर जरा आश्चर्याने बघेल, बघू दे. गाडी घ्यायला जाल तेव्हा स्वतःची पाण्याची बाटली बरोबर न्या आणि चारही कोपऱ्यांत तिथेच, त्यांच्याच पार्किंगमध्ये, पाणी सोडून बघा. पाणी आलं तर सही करा.